गोड्या पाण्याची झडती

ठाणे, ६ जानेवारी १८८९

ठमाबाईस तळ्याकाठच्या मार्थाचा नमस्कार.

हे पत्र गोविंदा वाचून दाखवील. गोविंदा, तू डोंबिवलीच्या नव्या स्टेशनात सांधेवाला झालास, गाड्यांचे रूळ बदलतोस हे कळलं, फार बरं वाटलं. मी तुला मुळाक्षरं शिकवली तेव्हा तू 'ळ' काढताना जीभ बाहेर काढायचास. पत्र हळू वाच. आई मध्येच उठून चुलीकडे गेली तर तूही चुलीकडे जा आणि तिथे वाच.

ठमाबाई, दोन वर्षं आपण बोललो नाही. तू डोंबिवलीजवळ कोपरला लेकाकडे राहायला गेलीस ते मला दुसऱ्यांच्या तोंडून कळलं. त्याबद्दल मी काही लिहीत नाही. आज मासुंदा तळ्याजवळच्या आमच्या ख्रिस्ती देवळात रविवारची मिस्सा झाली, आणि बाहेर आल्यावर वाटलं की तुला लिहावं, एवढंच.

घरात नवी सून आहे, शकू. ती मला ओळखत नाही, म्हणून तिच्यासाठी सांगते. शकू, मी ठाण्याची ख्रिस्ती बाई. बाप गलबतावर खलाशी होता, तो गेल्यावर आईनं मला मुंबईला मदरांच्या कॉन्व्हेंटात ठेवलं. तिथे इंग्रजी शिकले, शिवण शिकले. लग्न झालं ते पास्कलशी. तो इथल्या कोपरीच्या मिठाच्या चौकीवर शिपाई होता. तापानं तो गेला, आणि त्याच सुमाराला सरकारचा हुकूम आला की मिठागरावरून घरी जाणाऱ्या बायकांची झडती बाईनंच घ्यायची. तेव्हाच्या साहेबानं मला विचारलं. मूठभर मीठसुद्धा कर भरल्याशिवाय आगराबाहेर जाऊ द्यायचं नाही, हा सरकारचा कायदा. ते कोणी पदरात, अंबाड्यात, कमरेच्या ओटीत लपवलंय का ते माझ्या हातांनी चाचपून पाहायचं, हे माझं काम.

कॉन्व्हेंटात दर शनिवारी एक सिस्टर आमच्या पेट्या उघडायची, केस सोडायला लावायची, गाद्यांखाली हात घालायची. माझ्याकडे कधी काही सापडलं नाही. तरी कान असे तापायचे की रविवारच्या प्रार्थनेपर्यंत निवायचे नाहीत. म्हणून पहिल्या संध्याकाळी आगराच्या बांधावर उभी राहिले तेव्हा माझेच कान पुन्हा तापले. आणि रांगेत पहिली होती तुझी सासू.

मी हात पुढे केला. ती म्हणाली, "हात लावशील तं हात मोरीन."

मी म्हटलं, "सरकारी हुकूम आहे, बाई."

"सरकारला त्याचं मीठ पायजेल ना? घे तुज्या सरकारचं मीठ." असं म्हणाली आणि चौकीमागच्या गोड्या पाण्याच्या तळ्यात तिनं सरळ उडी मारली. लुगड्यासकट, अंबाड्यासकट. वर आली ती केस मोकळे करून, पदर झटकत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "शोध आता!"

मी इतकी हसले की हातातली छत्री बांधावरून गडगडत खाली गेली. तिच्यामागून एकेक करत सगळ्याच बाया पाण्यात उतरल्या. दिवसभर उन्हात मिठानं पाय चिरलेले, त्यांना ते पाणी बरंच वाटलं असणार. कुणी काही लपवलं असेलच तर ते तळ्यानं घेतलं. कुणी पकडलं गेलं नाही, कुणाच्या अंगाला हात लागला नाही.

त्या दिवसापासून आमची झडती तीच. तुझ्या सासूनं मला त्या शनिवारच्या सिस्टरसारखी होऊ दिलं नाही, शकू. हे तिला मी कधी सांगितलं नव्हतं.

यंदाच्या हंगामानंतर कोपरीची आगरं सरकार बंद करणार आहे. लहान आगरांवर राखणीचा खर्च फार होतो म्हणतात. चौकीही उठेल. बाकी सगळं क्षेम.

मार्था


ठाणे, २७ जानेवारी १८८९

ठमाबाईस,

गोविंदाचं कार्ड आलं. "आई ऐकते. बोलत नाही. शकू फार हसली. आई म्हणते छत्री नाही, चप्पल गडगडत गेली होती." ठमाबाई, छत्री होती. चप्पल दुसऱ्या वर्षी गेली, आणि ती नाथाच्या म्हातारीची होती. पण तुला आठवतंय, एवढ्यानंच मी कार्ड उशीखाली ठेवलं आहे.

मागच्या पत्रात "बाकी सगळं क्षेम" असं लिहिलं. ते तितकंसं खरं नव्हतं.

चौकी उठणार म्हटल्यावर कोणाला कुठे न्यायचं, कोणाला कमी करायचं, याच्या याद्या होत आहेत. आमचे सरकारकून महिपतराव, चौकीचे मुख्य, दिवसभर डोक्याला पंचा गुंडाळून बसलेले असतात. शिपाई दौलत सगळ्यांना विचारतो, "माझं नाव वर आहे की खाली?" वर की खाली म्हणजे काय ते त्यालाही माहीत नाही. मला कुठेच नेणार नाहीत हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे. बायकांच्या झडतीला मोठ्या आगरांवर दुसऱ्या बाया आहेत. त्याचं मला दुःख नाही. म्हातारपणी उन्हात बसायचं किती दिवस?

पण तेवढ्यात इथल्या साप्ताहिकात पुन्हा छापून आलं. "एक ठाणेकर" असं नाव घालून कोणी लिहितो. त्यानं लिहिलं आहे की कोपरीच्या चौकीवरची झडतीवाली बाई झडती घेतच नाही. ती छत्री लावून तळ्याच्या काठी बसते आणि मजूर बायकांशी गप्पा मारते. सरकार तिला गप्पा मारण्याचा पगार देतं काय, असा त्याचा प्रश्न. आणि पुढे, या बाईच्या डोळेझाकीनं आगरातून रोज मीठ चोरीला जात असणार, म्हणून मजूर बायकांच्या नावांचीही चौकशी व्हावी.

महिपतरावांनी ते मला वाचून दाखवलं नाही. मीच कचेरीच्या मेजावरून उचलून वाचलं. वाचता वाचता हसू आलं, कारण छत्री आणि गप्पा, दोन्ही खरं आहे. मग शेवटची ओळ वाचली आणि हसू गेलं.

ठमाबाई, माझं काय व्हायचं ते होवो. पण आगर बंद झालं की तुळसा, नाथाची म्हातारी, सगळ्या बाया भाईंदरला नाहीतर उरणच्या आगरांवर कामाला जायच्या गोष्टी करताहेत. त्यांना दुसरं काही येत नाही. चोरीचा ठपका बसला तर त्यांची नावं चौक्याचौक्यांवर जातील, आणि मग कुठल्याही मिठागराच्या बांधावर त्यांना कोणी उभं करणार नाही. पास्कल असाच एका शिपायाबद्दल सांगायचा. तो शेवटी मुंबईला हमाली करत मेला.

नवा साहेब चौकशीला येणार आहे. कधी, ते कळलेलं नाही.

तुला काळजी लावायला लिहीत नाही. तू विचारलंस म्हणून, म्हणजे गोविंदानं लिहिलं की तू विचारलंस, "पुढं काय झालं ते लिही म्हणावं."

मार्था


ठाणे, १० फेब्रुवारी १८८९

ठमाबाईस,

या खेपेला कार्ड नाही. पण परवा कोपरचा एक माणूस मीठबंदरावर भेटला. तो म्हणाला, "तुमचं कागद येतंय तवा ठमाबायच्या अंगनात सगल्या बाया जमतान." गोविंदा, हे मला आधी सांगायचं नाही का रे? सगळ्या कोपरनं ऐकायचं असेल तर मी जरा चांगलं अक्षर काढलं असतं.

महिपतराव माणूस भला आहे. सोमवारी त्यांनी मला आत बोलावलं, दार लोटलं आणि म्हणाले, "मार्थाबाई, साहेब यायच्या आत तुम्ही नियमाप्रमाणे झडती सुरू करा. हातानं. रजिस्टरात तसं लिहितो. मागचं कोण विचारतंय?"

मी म्हटलं, "मागचंच तर विचारणार आहेत."

"तुमच्या भल्याचं सांगतोय."

"कळतंय मला, महिपतराव. उपकार आहेत."

संध्याकाळी मी तळ्यावर गेले आणि बायांना सगळं सांगितलं. त्यांच्यापासून लपवून काय करायचं? मग तुळसा पुढे आली. तुझ्या जागी आता रांगेत तीच पहिली असते. तिनं दोन्ही हात वर केले, जसं पोलिसांपुढे करतात तसे, आणि डोळे मिटले. म्हणाली, "घे बाय, झरती घे. आमी कं मरनार नाय. तुजी नोकरी तरी नीट सुटंल."

मी तिचे हात खाली केले आणि म्हटलं, "उतर पाण्यात. उशीर होतोय."

"अगो पन..."

"उतर म्हणते ना!"

नाथाची म्हातारी पाण्यातून म्हणाली, "हिला सरकारनं हाकलली तं मी ठेवीन माज्या घरी. पन ही लय बोलते, झोप येयाची नाय." सगळ्या हसल्या. मीही हसले. इतकं प्रेम कोणत्या नोकरीत मिळतं, सांग मला.

आता एक गोष्ट लिहिते. ही अंगणात वाचायची असेल तर वाच गोविंदा, तुझ्या लग्नाचीच आहे.

तुझ्या हळदीच्या आदल्या आठवड्यात साप्ताहिकात पहिल्यांदा लिहून आलं होतं. झडतीवाली बाई मजुरांच्या घरी जाते-येते, त्यांच्या पंगतीला बसते, मग ती त्यांना पकडणार कशी, असं. मजुरांकडून पाण्याचा घोटही घ्यायचा नाही हा नोकरीचा नियम आहेच. तुझ्या आईला तो ठाऊक होता. मला एकदा महिनाभर ताप आला तेव्हा ती नियम मोडू नये म्हणून उंबऱ्याबाहेर बसली, आणि आत पडलेल्या माझ्याशी दारातून बोलत राहिली. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या सुनेनं भात करपवला. त्या बोलण्यानं मी उठले, डॉक्टरच्या पुड्यांनी नाही. पण हळदीला तिनं हट्टच धरला. म्हणाली, "त्या दिशी तू सरकारची नाय, माजी हायस." मी येते म्हटलं होतं.

हळदीच्या रात्री मी तुमच्या मांडवासमोरच्या चिंचेपर्यंत आले होते, ठमाबाई. ढोल ऐकू येत होते. चिंचेखाली कोट घातलेला एक माणूस उभा होता. आगरातला नव्हता, पाहुणाही नव्हता. मांडवात कोण शिरतं ते तो बघत होता. मी आत आले असते तर दुसऱ्या आठवड्यात तुझं नाव छापून आलं असतं, माझं नाही. म्हणून परत फिरले. तुला काही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू त्या माणसाला मुसळ घेऊन मारायला गेली असतीस. गेली असतीस ना?

तू समजलीस की मला तुमचं जेवण चालत नाही. तसं समजायला जागा होती. मी रागावले नाही, आताही नाही.

मार्था


ठाणे, २४ फेब्रुवारी १८८९

ठमाबाईस,

गोविंदाचं कार्ड मिळालं. "आई दोन दिवस कोणाशी बोलली नाही. मग शकूला म्हणाली, मुसळ कुठं ठेवलंय." ठमाबाई, त्या माणसाला आता शोधू नकोस. तो बदलून गेला असेल किंवा म्हातारा झाला असेल.

साहेबाची तारीख कळली. मार्चच्या आठ तारखेला, शुक्रवारी दुपारनंतर, काम सुटायच्या वेळी. त्याचं म्हणणं असं की कागद पुरे झाले, झडती कशी होते ती तो डोळ्यांनी पाहणार. एका बाईनं ओंजळभर मीठ पदरात बांधून, रोजच्यासारखं तळ्यातून जायचं. पलीकडे निघाल्यावर गाठ सोडायची. मीठ राहिलं असेल तर आमची झडती खोटी. मीठ गेलं असेल तर खरी. न्याय स्वच्छ आहे. साहेब तरुण आहे, पण दुष्ट दिसत नाही. साप्ताहिकातल्या त्या ठाणेकरालाही त्यानं बोलावलं आहे म्हणे, म्हणजे नंतर तक्रार नको.

दौलत म्हणतो, मीठ पाण्यात गेल्यावर राहीलच कसं, घाबरता कशाला. महिपतरावही आता जरा मोकळे झालेत. डोक्याचा पंचा काढला.

मी मात्र रोज तळ्याचं पाणी बघते. यंदा लवकर उतरलंय. पूर्वी मार्चात छातीपर्यंत असायचं, आता कंबरेला आहे. का कोण जाणे, मन स्वस्थ नाही. तुळसा जाणार आहे पाण्यात. पोर धीट आहे पण साहेबाचं नाव काढलं की घशातून आवाज फुटत नाही तिच्या.

तू यावंस असं मी म्हणत नाही. तुझे गुडघे दुखतात, आणि आपलं जे झालं ते झालं. पण हा सगळा तमाशा ज्या उडीनं सुरू झाला ती तुझी, म्हणून कळवलं.

मदर म्हणायच्या, देवाकडे काही मागण्याआधी मिळालेल्याबद्दल आभार मानावेत. मी काल रात्री तेच करत बसले. पास्कल, कॉन्व्हेंट, तळं, तू. या क्रमानं नाही.

मार्था


ठाणे, ९ मार्च १८८९

ठमाबाई,

काल तू गेल्यापासून मी काहीच केलं नाही. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस म्हणून जेवणही नव्हतं, बरं झालं. आता सकाळ आहे. तू सगळं स्वतः पाहिलंस, तरी लिहिते, कारण तू आलीस तेव्हा अर्धं होऊन गेलं होतं, आणि पाण्यात असताना काठावर काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही. शिवाय तुझ्या अंगणातल्या बाया मला सोडतील का?

साहेब खुर्चीवर बसला होता. त्याच्यामागे महिपतराव दुभाषे म्हणून उभे. जरा बाजूला तो ठाणेकर. माझ्या मनात त्याचा मोठा राक्षस झाला होता. निघाला एक बारीकसा माणूस, कॉलर मळलेली, बूट भाड्याचे वाटावेत असे.

तुळसानं मीठ बांधलं. दौलतनं गाठ तपासली. आणि ती पाण्यात उतरली, ठमाबाई, ती जणू सरणावर चालल्यासारखी. डोळे समोर, ओठ घट्ट. सरळ चालत गेली आणि पलीकडे निघाली. मी छत्री घेऊन काठावर बसले होते, पण माझ्याही तोंडून शब्द निघाला नाही. साहेब बघतोय, महिपतराव बघताहेत, मी काय बोलणार?

गाठ सोडली. आत मीठ होतं. बाहेरून ओलं, आतून तसंच, खडे चांगले हरभऱ्याएवढे.

ठाणेकर मोठ्यानं हसला नाही, नुसता नाकातून हसला. साहेबानं लेखणी उचलली. महिपतराव खाली बघायला लागले. तुळसा ते मीठ हातात धरून उभी होती, तिला वाटलं तिनंच काही चुकवलं. आणि मी बसल्या जागी पाहिलं की बांधावर उभ्या असलेल्या सगळ्या बाया एकमेकींच्या जवळ सरकल्या. मेंढरं सरकतात तशा. त्या क्षणी मला कळलं की भाईंदर गेलं, उरण गेलं.

तेवढ्यात मागून तुझा आवाज आला.

"अगो तुलसे! असं मुक्यानं कोन जातं पान्यात? मयताला गेलेलीस कं?"

तू बांधावरून येत होतीस, एका हातात चपला, एका हातानं गुडघा दाबत. मागे गोविंदा, रेल्वेच्या डगल्यात. मला वाटलं मी जागी नाही.

साहेबानं विचारलं, ही कोण. महिपतराव काही बोलायच्या आत तू राशीतून ओंजळभर मीठ उचललंस, तुळसापेक्षा मोठी ओंजळ, सगळ्यांसमोर पदरात बांधलंस आणि दौलतला म्हणालीस, "वढून बघ गाठ. नीट वढ, बायको हाय कं तुजी, लाजतोस ते?" आणि पाण्यात उतरलीस. मधोमध गेलीस आणि थांबलीस. माझ्याकडे तोंड केलंस.

"कं गो मार्थाबाय, जिती हायस?"

मी छत्रीचा दांडा धरून तुझ्याकडे बघत राहिले.

"बोल ना! तू बोलली नाय तं आमी हिकरं उभ्या कशाला ऱ्हावू? आन उभ्या नाय ऱ्हायलो तं मीठ कसं इरंल?"

ठमाबाई, इतकी वर्षं मी त्या काठावर बसले, आणि मला हे ठाऊक नव्हतं. मला वाटायचं पाणी आपलं काम करतं आणि आपण बाजूला गप्पा मारतो. आपल्या आगराचं मीठ जाड, ते काय एका फेरीत विरघळतं? मी एकेकीला विचारायचे, पोराचा खोकला गेला का, नवरा परत आला का, आणि ती पाण्यात उभी राहून सांगायची, हातवारे करायची, हसायची, भांडायची. तेवढ्यात मीठ जायचं. तुम्हाला ठाऊक होतं ना? सगळ्यांना ठाऊक होतं. मला एकटीला नाही.

मी म्हटलं, "जिवंत आहे. तुझे गुडघे कसे आहेत?"

"गुरघ्यांचं ऱ्हाऊ दे. माज्या पोराच्या हलदीला तुज्यासाठी वांग्यातली सुकट बाजूला काढून ठेवलेली मी. दोन दिस ठेवली. मंग कुत्र्याला घातली."

"कुत्र्याला आवडली का?"

"कुत्रं तुज्यावानी नाय. बोलावलं की येतं."

सगळ्या बाया खो खो हसल्या. साहेबानं महिपतरावांना विचारलं की काय बोलताहेत. महिपतराव घाम पुसत इंग्रजीत म्हणाले, "साहेब, सुक्या मासळीविषयी." साहेबानं विचारलं, आणि आता? महिपतराव म्हणाले, "अजून सुक्या मासळीविषयीच, साहेब. पण आता ती मासळी कुत्र्यानं खाल्लेली आहे." मला इंग्रजी कळतं हे दोघंही विसरले होते. हसू आवरताना माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही.

तू पाहिलंस. पाण्यात एक पाऊल पुढे आलीस आणि आवाज खाली केलास. "चिंचेपरेंत आलीस, आन हाक नाय मारलीस? मी माज्या बाजूला तुजं पान मांडलं होतं."

मी म्हटलं, "तुझ्या बाजूला? मला ख्रिस्ती बाईला? तुझ्या जातवाल्यांनी काय म्हटलं असतं?"

"म्हनू दे. पानी समद्यांचं येकच हाय ना हितं? रोज त्याच पान्यात बोललोत ना?"

मग तू शकूचं सांगितलंस. तिला दिवस गेलेत. मी म्हटलं, मुलगी होऊ दे. तू म्हणालीस, मुलगी झाली तर तुझ्यासारखी बडबडी नको. मी तुझे तळ्याबद्दल, तापाच्या वेळच्या दाराबद्दल, सगळ्याबद्दल तिथेच आभार मानले, सगळ्यांसमोर, आणि तू म्हणालीस, "हां हां, बास झालं, मीठ गेलं कवाच." साहेबानं मध्ये एकदा घड्याळ काढलं होतं. महिपतरावांनी, आमच्या भित्र्या महिपतरावांनी, त्याला सांगितलं, "झडती चालू आहे, साहेब."

दौलतनं गाठ सोडली. पदरातून पाणी निथळलं, आणखी काही नाही. साहेब खुर्चीवरून उठून पुढे आला, स्वतः कापड उलटं करून पाहिलं. मग तो तुळसाकडे वळला, मग माझ्याकडे, आणि इंग्रजीत विचारलं, "रोज हे असंच चालतं?"

मी म्हटलं, "रोज, साहेब. फक्त विषय निराळे."

तो हसला. ठाणेकर हसला नाही. तो जाताना माझ्याजवळ थांबला आणि म्हणाला, "बाई, मी ऐकीव लिहिलं होतं." मी म्हटलं, "पुढच्या वेळी पाण्यात उतरून लिहा." एवढं खोचक मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. तुझी संगत.

तू शेवटच्या गाडीला म्हणून घाईनं निघालीस. बांधावर मागे वळून म्हणालीस, "आता तरी ये घरी." मी म्हटलं, "नोकरी आहे अजून." तू हात झटकलास आणि गेलीस. त्या हात झटकण्यात राग नव्हता, मी पाहिलं. असता तरी चाललं असतं.

मार्था


ठाणे, ३० एप्रिल १८८९

ठमाबाई,

आज चौकी बंद झाली. महिपतरावांनी किल्ल्या साहेबाच्या माणसाकडे दिल्या. त्यांची बदली उरणला, दौलतची भाईंदरला. दौलत म्हणतो, "म्हणजे मी वर होतो की खाली?" आम्ही म्हटलं, मध्ये.

साहेबाचा अहवाल महिपतरावांनी मला हळूच वाचून दाखवला. लांबलचक आहे. बहुतेक खर्चाबद्दल आणि आगर बंद करण्याबद्दल, आणि ते काही टळलं नाही. पण एका जागी लिहिलं आहे की कोपरीच्या चौकीवरची झडतीची रीत नियमबाह्य असली तरी खरी आहे, इथल्या मजूर बायकांवर कोणताही संशय नाही, त्यांना दुसऱ्या कोणत्याही आगरावर घ्यावं. आणि त्याखाली: "संभाषण हा या झडतीचा आवश्यक भाग असून त्याशिवाय ती पूर्ण होत नाही." महिपतरावांनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्यानं. मला सरकारनं गप्पा मारण्याचा पगार दिला, ठमाबाई. आता तसं कागदावर आहे.

तुळसा आणि आणखी पुष्कळ जणी पुढच्या हंगामाला भाईंदरला जातील. नाथाची म्हातारी म्हणते ती आता कुठे जाणार नाही, ती माझ्या घरी येऊन झोपणार, आणि मी किती बोलते ते बघणार.

आज संध्याकाळी काम नव्हतं, मीठ नव्हतं, झडतीही नव्हती. मी छत्री आणायला तळ्यावर गेले. सगळ्या बाया पाण्यात होत्या. पाणी आता गुडघ्याएवढंच, तरी बसल्या होत्या त्यात, लुगडी भिजवून.

मी विचारलं, "आज कशाला?"

तुळसा म्हणाली, "बोलाया."

मीही चपला काढल्या आणि उतरले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पाणी कोमट होतं.

मी सरकारची नोकर होते तोवर तुमच्या घरचा घोटही घ्यायचा नव्हता. उद्या सकाळपासून मी कोणाचीच नोकर नाही. सरकारनं मला कमी केलं याबद्दल लोक हळहळतात, आणि मी तोंड गंभीर करून ऐकून घेते. उपासही संपले. गाडी कधी पोचते ते गोविंदाला ठाऊकच असेल, त्याच्याच हातानं सांधा बदलून मला आत घ्यायचं आहे. रविवारी मिस्सा झाली की निघते.

वांगी कोवळी घे. सुकट जरा तिखट कर. आणि या खेपेला माझ्यासाठी बाजूला काढून ठेवू नकोस, ठमाबाई. पंगतीत वाढ.

तुझी,
मार्था